न आलेला पूर

आमच्या गावाचं भलंबुरं कारा समुद्रात ठरतं, हे मी लग्न होऊन निगुडवाडीत आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी हसले असते. आमच्या अंगणात उभं राहिलं की समोर वेळू धरणाची भिंत दिसते. तिच्यामागं पाणी किती चढलं, एवढीच काळजी या गावानं पिढ्यानपिढ्या केली. कारा समुद्र कुठं, तर रशियाच्याही वर, पार ध्रुवाच्या पोटाशी. तिथं पाण्यावर बर्फ किती उरला, याच्याशी आमचा काय संबंध? पण संबंध निघाला. आणि तो शोधून काढणाऱ्यांत माझीच नणंद होती, त्यामुळं मला कुणाला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.

हेमांगी ही माझ्या नवऱ्याची, प्रतापची, धाकटी बहीण. मी या घरात आले तेव्हा ती शाळेत जात होती. तिच्या वेण्या मी घातल्या आहेत, आणि घालताना तिचं डोकं स्थिर राहावं म्हणून टपल्याही मारल्या आहेत. पुढं ती शिकतच गेली आणि ध्रुवांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत लागली. सुट्टीवर आली की ओट्यावर बसून शेंगा सोलता सोलता तिथल्या गोष्टी सांगायची. प्रताप खुर्चीत बसून ऐकायचा. नाकाला प्राणवायूची नळी, शेजारी घुरघुरणारं यंत्र. तो कोळशाच्या वीजकेंद्रात राखेच्या विभागात होता. केंद्र बंद झालं आणि तो घरी आला, पण राख त्याच्या छातीत राहिली.

"वहिनी, उपग्रह वरून बर्फ बघतो," हेमांगी म्हणायची, "पण उन्हाळ्यात बर्फ वितळून त्याच्यावरच डबकी साचतात. उपग्रहाला डबकं आणि मोकळा समुद्र सारखाच दिसतो. म्हणून तर ती टीव्हीवरची भांडणं. एक म्हणतो बर्फ संपला, दुसरा म्हणतो तुम्ही डबकी मोजताय."

"मग खरं काय?"

"खरं ऐकायला खाली जावं लागतं. आम्ही पाण्याखाली ऐकणारी यंत्रं सोडली आहेत, कानोसा नाव आहे त्यांचं. वर मोकळा समुद्र असेल तर लाटांचा गलका ऐकू येतो. वर बर्फ असेल तर सगळं दबतं, नुसती करकर येते. पत्र्याच्या घरात आणि स्लॅबच्या घरात पाऊस वेगळा ऐकू येतो ना, तसं."

हे मला समजलं. पुढचं समजायला वेळ लागला. बर्फ ऊन परतवतो, मोकळं काळं पाणी ऊन पिऊन घेतं. उन्हाळ्यात कारा समुद्र जास्त उघडा पडला, की तिथली हवा तापते आणि आभाळात फार उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जो वारा वाहतो, तो सैल सोडलेल्या दोरीसारखा हेलकावे खायला लागतो. त्यातला एखादा हेलकावा आशियावर येऊन अडकतो. मग सप्टेंबरात, पावसानं गाशा गुंडाळायच्या वेळी, अरबी समुद्रावरची वाफ खेचली जाते आणि सह्याद्रीवर येऊन आदळते. दरवर्षी नाही. पण होईल की नाही याची शक्यता कानोशावरून सहा आठवडे आधी सांगता येते. हेमांगीचं आयुष्य त्या सहा आठवड्यांत गेलं.

आता या सगळ्यात धरण कुठून आलं, तेही सांगते. कोळसा बंद झाल्यावर दिवसाची वीज उन्हाची आणि रात्रीची पाण्याची, असं राज्याचं गणित ठरलं. दिवसा सौर विजेनं खालच्या तलावातलं पाणी वर धरणात चढवायचं आणि अंधार पडला की तेच खाली सोडून वीज काढायची. पण खाली-वर फिरवायलाही मुळात पाणी हवं. सप्टेंबरात धरण काठोकाठ असलं तर मे महिन्यापर्यंत शहरांत दिवे राहतात. आणि काठोकाठ धरणावर तसा पाऊस आला तर दारं एकदम उघडावी लागतात. मग पहिलं गाव आमचं.

म्हणजे अंदाज ऐकून धरणातलं पाणी आधीच सोडून धरण उतरवलं आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात अंधार. उतरवलं नाही आणि पाऊस आला, तर निगुडवाडी गेली. हा निर्णय घ्यायला कुठल्याच सरकारची छाती होईना, तेव्हा त्यांनी कायदा केला: विसर्ग सुनावणी. नदीकाठचे सरपंच आणि शहरांचे वीजग्राहक प्रतिनिधी यांनी एका सभागृहात बसायचं, शास्त्रज्ञांनी माहिती मांडायची, ज्याला हवा त्यानं प्रश्न विचारायचा आणि शेवटी हात वर करून ठरवायचं. दोष कुणाचा, तर सगळ्यांचा. फार हुशार कायदा. मी तेव्हा सरपंच होते, म्हणजे त्या दोषात माझा वाटा पक्का होता.

पहिल्या सुनावणीला हेमांगी स्वतः उभी राहिली. तिनं पडद्यावर कारा समुद्र दाखवला, कानोशाचे आवाज ऐकवले. सभागृहात लाटांचा गलका घुमला तेव्हा लोक एकमेकांकडं बघायला लागले. ती म्हणाली, "दहापैकी सात शक्यता आहे."

वीजग्राहकांच्या बाजूनं ॲडव्होकेट निकम होते. उंच, सावळे, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी विचारलं, "मॅडम, तीन वेळा पाऊस येणार नाही, असंही तुम्हीच म्हणताय?"

"हो."

"आणि ते तीन कोणते, ते सांगता येतं?"

"नाही."

"दहा वर्षांचा हिशेब तुम्ही मांडला. आमच्या दवाखान्यांना मात्र एकच उन्हाळा काढायचा असतो. येणारा."

माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणून तर राग आला. आदल्या दिवशी मी प्रतापला विचारलं होतं, काय करू. तो नळी सरळ करत म्हणाला होता, "हेमीनं सांगितलंय ना? मग हात वर कर. लहानपणी अभ्यास झाला नसला तर न्हाई म्हणून सांगायची ती, खोटं कधी बोलली न्हाई. आणि आपल्या दारात नदी हाय सुवर्णा, निकमांच्या दारात न्हाई." मी हात वर केला. ठराव मंजूर झाला. धरण निम्मं उतरवलं.

पाऊस आला नाही. म्हणजे आला, पण उत्तरेकडं दोन खोरी सोडून पडला आणि उरलेला समुद्रावरच सांडला. निगुडवाडीत ऑक्टोबराचं स्वच्छ ऊन पडलं. मला लोक 'बर्फाच्या सरपंचबाई' म्हणायला लागले. पाणवठ्यावर, लग्नात, तालुक्याच्या बैठकीत. "बाई, आज बर्फ काय म्हणतोय? धुणं वाळत घालू का?" मीही हसून घेत होते. टीव्हीवर हेमांगीच्या चेहऱ्याभोवती गोल काढून दाखवत होते आणि खाली लिहीत होते, 'डबक्यांचं विज्ञान'. डबकी आणि समुद्र वेगळे ओळखण्यासाठीच तिनं उभं आयुष्य घातलं होतं. पण चर्चेत ओरडणाऱ्यांना ते ऐकायला सवड नव्हती. कुणी म्हणालं बर्फ वाढतोय, कुणी म्हणालं कोळसा परत सुरू करा. पाऊस आमच्याच दरीत का पडला नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: ही बाई खोटारडी आहे.

मग मे महिना आला. संध्याकाळची वीज जायला लागली. आधी सांगून, ठरलेल्या वेळेपुरती. प्रतापच्या यंत्राला बॅटरी होती, ती तेवढ्याला पुरायची. जोडीला एक सिलिंडरही होता. त्या संध्याकाळी गेलेली वीज ठरल्या वेळेला आली नाही. बॅटरी संपली, सिलिंडर लावला, तो संपत आला. मी रुग्णवाहिकेला फोन करत होते आणि शेजारचे लोक गाडी काढत होते. प्रताप मला म्हणाला, "घाबरू नको गं, येईल आत्ता." वीज येईल, असं म्हणत होता तो. गाडी गावाच्या कमानीपर्यंत गेली आणि तो गेला. आम्ही परत आलो तेव्हा घरात दिवे लागलेले होते आणि ते यंत्र आपलं आपण घुरघुरत होतं. ते मी बंद केलं. तेवढं एकच काम त्या संध्याकाळी माझ्या हातून धड झालं.

हेमांगी आली, दिवस होईपर्यंत राहिली. आम्ही दोघी एका घरात वावरत होतो आणि एकमेकींशी बोललो नाही. मी तिला दोष दिला नाही आणि देत नाही असंही सांगितलं नाही. तेराव्याला ती निघाली तेव्हा उंबऱ्यात थांबली. मला वाटलं, काही म्हणेल. तिलाही तेच वाटलं असणार. मग ती गेली.

त्यानंतर ती आली ती पितृपक्षात, भरणी श्राद्धाला. गेलेल्या माणसाचं पहिल्या वर्षी ते करतात. पानं वाढून झाली, गुरुजी गेले, चार पाहुणे जेवून उठले. ती मागच्या दारी भांडी घासायला बसली. डॉक्टरेट मिळवलेली बाई, पण या घरात आली की राख आणि घासणी घेऊन बसतेच. मी तिच्या शेजारी पाट ओढला.

"हेमी, या वर्षी बर्फाचं काय?"

ती पातेलं घासत राहिली.

"तुला विचारलं."

"संस्थेनं मागच्याच महिन्यात कळवलंय जिल्ह्याला. आता परवा सुनावणी आहे."

"त्याचं मला पत्र आलंय. मी तुला विचारतेय."

तिनं पातेलं खाली ठेवलं. "दहापैकी नऊ. मी एवढा उघडा समुद्र कधी ऐकलेला नाही, वहिनी. कानोशाच्या एका यंत्राला सगळा उन्हाळाभर वर बर्फ लागलाच नाही. नुसता गलका." मग म्हणाली, "मी सुनावणीला येणार नाही. दुसरं कुणीतरी वाचून दाखवेल. आणि तू या वेळी हात वर करू नकोस."

"का?"

"कारण दहावं वर्ष असलं तर? परत तुझ्याच गावातलं कुणी? मला नाही झेपणार. दादा गेला तेव्हा मी आकडेमोड पुन्हा केली, माहीत आहे? दहा वेळा केली. चूक सापडावी म्हणून. चूक सापडली असती तर मी निदान माफी तरी मागितली असती तुझी. आकडे बरोबर होते. मग मी कशाची माफी मागू?"

ती तोंड फिरवून रडायला लागली. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. "नऊ म्हणतेस आणि हात खाली ठेव म्हणतेस? तुझ्या दादानं काय सांगितलं होतं मला? हेमी खोटं बोलत नाही म्हणाला होता. आता गप्प बसून खोटं बोलायला लागलीस व्हय?" मग मीही रडले. राखेच्या हातांनी आम्ही एकमेकींना धरलं. नंतर दोघींची लुगडी धुवायला टाकावी लागली.

सुनावणीला ती आली. बोलायला उभी राहिली नाही, माझ्या शेजारी बसली. संस्थेच्या एका तरुण अधिकाऱ्यानं माहिती वाचली. सभागृहात कुजबुज होती, मागून कुणीतरी "डबकं, डबकं" असं ओरडलं. निकम उभे राहिले. त्यांनी फार बोलायचं टाळलं. फक्त म्हणाले, "गेल्या वर्षी याच सभागृहात एक ठराव झाला. त्याची किंमत कुणी दिली, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. निगुडवाडीच्या सरपंचबाई इथं बसल्या आहेत. त्यांनीच सांगावं."

त्यांना वाटलं होतं मी विरोधात बोलेन. सगळ्यांनाच वाटलं होतं. मी उठले.

"माझा नवरा गेला," मी म्हणाले. "गेल्या वर्षी ह्या माझ्या नणंदेनं सांगितलं होतं, दहातल्या तीन वेळा पाऊस न्हाई पडणार. ती खोटं बोलली असती तर मी तिला माझा उंबरा चढू दिला नसता. ती खरं बोलली होती. त्या तिनातली एक वेळ आमच्या वाट्याला आली. आली तर आली, आता काय करू? माझा नवरा पाऊस पडला न्हाई म्हणून गेला न्हाई. वीज कधी येणार ते कुणी खरं सांगितलं न्हाई म्हणून गेला. ज्यांच्या घरात तसली यंत्रं हायत त्यांच्यासाठी काय केलं एवढ्या दिवसांत, ते निकम वकिलांनी विचारावं सरकारला. मी पण विचारते. पण आज ती नऊ म्हणतेय. माझ्या गावात अजून माणसं हायत. मी हात वर करते."

मी हात वर केला. बराच वेळ माझा एकटीचाच होता. मग खालच्या अंगाच्या मोरगाव-पिंपळीच्या सरपंचाचा वर गेला, मग आणखी. ठराव निसटता मंजूर झाला. बाहेर निकमांनी मला गाठलं. मला वाटलं भांडतील. ते म्हणाले, "बाई, माझ्या आईलाही तेच यंत्र आहे." आणि पुढं म्हणाले, "त्या बॅटऱ्यांचं मी बघतो." पुढं त्यांनी बघितलंही, पण ती वेगळी गोष्ट.

एवढ्यावर निभावलं असतं तर आमच्याकडचं म्हणायचं कशाला! धरणावरच्या आदेशात या वेळी एक नवी ओळ निघाली: विसर्ग जलपूजनानंतर सुरू करावा. धरण भरलं की मंत्र्यांनी येऊन पूजा करायची, नदीची साडीचोळीनं ओटी भरायची, ही पद्धत. आणि पितृपक्षात शुभकार्य कसं करणार? म्हणून मंत्र्यांचा कार्यक्रम घटस्थापनेला ठेवलेला होता. तोवर धरण काठोकाठ ठेवायचं. भरलेली ओटी मिरवायच्या आधी रिकामी करणं अशुभ. ध्रुवावरचा बर्फ पाण्याखालून ऐकणारी यंत्रं आली, रात्रीची वीज पाण्यातून आली, पण पंचांग जिथल्या तिथं होतं. हेमांगीच्या हिशेबानं पाऊस सर्वपित्रीच्या आसपास येणार होता. घटस्थापना त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी धरणावर गेले. अभियंता सय्यदसाहेब भला माणूस, पण आदेशाच्या बाहेर पाऊल टाकायची त्यांची हिंमत नव्हती. फोन करून करून बिचारे थकले होते. वरचे म्हणत होते, मंत्र्यांना विचारा. मंत्री दौऱ्यावर.

"साहेब, पूजा कुणी करायची हे आदेशात लिहिलंय का?"

त्यांनी वाचलं. "नाही."

"मुहूर्त लिहिलाय?"

"नाही. जलपूजनानंतर, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू घेऊन भिंतीवर गेले. कपाळ मोकळं, पितृपक्षाचे दिवस. बायकांना सांगितलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. आल्या मात्र बऱ्याच. काही अंतरावर उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या सोनाबाईनं तोंडाला पदर लावला. तिच्याकडं बघून मी ओटी हातातच धरून थांबले, कारण मीही याच रीतींत वाढलेली बाई. विधवेनं ओटी भरायची नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. हेमांगीनं माझ्या हाताखाली हात धरला. आम्ही दोघींनी मिळून ओटी पाण्यात सोडली. सय्यदसाहेबांनी टोपी काढली होती. मग ते आत गेले आणि त्यांनी दारं उचलली.

धरण उतरत गेलं तसतशी गावात बोलणी वाढत गेली. पांढऱ्या कपाळानं ओटी भरली, आता बघा काय होतंय. अविश्वास ठरावाच्या सह्या फिरायला लागल्या. सर्वपित्रीच्या आधी दोन दिवस आभाळ निळं कोरडं होतं. हेमांगी अंगणात उभी राहून वर बघायची आणि तिच्या तोंडावर जे दिसायचं ते मला बघवायचं नाही. मला तिला म्हणायचं होतं, येईल गं. प्रताप म्हणाला होता तसं. म्हणून नाही म्हणाले.

आणि मग तो आला. अमावास्येच्या आदल्या दुपारी पश्चिमेकडून काळं चढलं आणि जे कोसळायला लागलं ते थांबेचना. मी जन्मात असा पाऊस बघितलेला नाही. डोंगर दिसेनासे झाले, ओढे रस्त्यावर आले, वरच्या रानांत दरडी घसरल्याचे आवाज येत होते. ते सगळं पाणी धावत धावत धरणात गेलं आणि रिकाम्या केलेल्या धरणानं ते पोटात घेतलं. अमावास्येच्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उणावला तेव्हा सगळं गाव छत्र्या-घोंगड्या घेऊन नदीवर जमलं. नदी वाढली होती, गढूळ, फेसाळ. महादेवाच्या घाटाची खालची पायरी बुडाली. मग तिच्या वरची. आणि तिथंच पाणी थांबलं.

सय्यदसाहेबांचा फोन आला. ते जवळजवळ ओरडत होते. धरण पुन्हा काठोकाठ आलंय, पण पेललंय, दारं थोडीच उघडावी लागली. "बाई, आधी उतरवलं नसतं तर सगळं एकदम सोडावं लागलं असतं. तुमची शाळा वरच्या मजल्यापर्यंत बुडाली असती. खालची आळी तर राहिलीच नसती." मी ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.

लोकांनी ऐकून घेतलं. मग घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "एवढंच व्हय? दोन पायऱ्या?"

"दरवर्षी येतंय की एवढं पाणी."

"आणि धरण तर भरलंच परत. मग उगाच कशाला रिकामं केलं?"

"साहेब काय, सांगायला काय लागतंय. बुडालं असतं म्हणे!"

कुणी वाईट बोलत नव्हतं. हसत होते, सुटल्यासारखे. पोरांना घाटावरून मागं ओढत होते. उद्या घटस्थापना होती आणि भरलेल्या धरणावर मंत्री साडीचोळी घेऊन येणारच होते. सगळं असं झालं होतं की जणू काही झालंच नाही. हेच तर हवं होतं. यासाठीच मी दोनदा हात वर केला होता. गाव समोर उभं होतं, कोरडं, धडधाकट, सोनाबाईसकट. त्यांच्या प्रत्येक घराच्या भिंती मी बघत होते आणि मला बरं वाटायला हवं होतं.

मी पाण्याकडं बघत होते. ते तिसऱ्या पायरीला लागत होतं आणि मागं जात होतं. माझ्या लक्षात आलं की दर वेळी ते पुढं आलं की माझा श्वास अडकतोय आणि मागं गेलं की मला ओकंबोकं वाटतंय. मला ते वर यायला हवं होतं. आणखी एक पायरी. एक आळी. नाहीतर एकच घर, माझं चालेल, रिकामंच तर आहे. लोकांना एकदा दिसू दे. गेल्या वर्षी जे आलं नाही ते हे, आणि याच्यासाठी प्रताप गेला, एवढं एकदा कुणीतरी कबूल करू दे. ज्या गावाला वाचवायला मी उभी राहिले ते बुडावं, असं मी मनातून म्हणत होते, आणि मला माझीच भीती वाटली.

मी हेमांगीकडं वळले. ती पायऱ्यांकडं डोळे लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते.

"हेमी," मी म्हणाले, "काय मागतेयस?"

ती दचकली. माझ्याकडं बघितलं, आणि तिनं उत्तर द्यायची गरजच राहिली नाही. "वहिनी," ती एवढंच म्हणाली, "तूही?"

मी मान हलवली. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी नसलेल्या मनगटावर तिची बोटं रुतली.

थोड्या वेळानं तिसऱ्या पायरीला लागणारं पाणी लागेनासं झालं. नदी उतरायला लागली. कुणीतरी "हर हर महादेव" केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, छत्र्या हवेत उडवल्या. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके देत होतो. लोक जवळ आले, पाठीवर हात ठेवून गेले. त्यांना वाटलं, आनंदानं रडतोय.